शीतजल-अवगाहन (घरगुती)

शीतजल-अवगाहन : आरोग्यासाठी मानेपर्यंतचे शरीर थंड पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवण्याचा प्रघात. पाणी साधारणतः १५° से. किंवा त्याहून थंड असेल तरच ही संज्ञा वापरतात. तांब्याने अंगावर गार पाणी घेऊन केलेली अंघोळ तीत मोडत नाही.

उगम : हा प्रघात आयुर्वेदातला असल्याचे वारंवार सांगितले जाते व त्यासाठी ‘अवगाह’ या शब्दाचा आधार घेतला जातो. तथापि चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय १४) अवगाहन हा स्वेदनाच्या १३ प्रकारांपैकी एक आहे. म्हणजे तेथे घाम आणण्यासाठी ऊन काढ्यात वा तेलात बसणे अभिप्रेत आहे. दाह व पित्तविकारांत शीत उपचार सांगितले आहेत, पण ते रोग्यासाठी; धडधाकट माणसाच्या दिनचर्येसाठी नव्हेत. पंढरपुरी चंद्रभागेत पहाटे होणाऱ्या कार्तिकस्नानाशी किंवा माघस्नानाशी काही जण याचे नाते जोडतात. ती व्रतांगे आहेत. त्यांत पाण्याचे तापमान व बुडण्याचा अवधी गौण असतो.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय जलचिकित्सेचा धागा अधिक सरळ दिसतो. सायलीशियातील व्हिन्सेंट्स प्रीसनित्झ (१७९९–१८५१) आणि बव्हेरियातील धर्मगुरू सेबास्टियान क्नाइप (१८२१–९७) यांनी थंड पाण्याचे उपचार रूढ केले. लाइपसिकच्या लुई कूने यांनी कटिस्नानावर भर दिला. त्यात फक्त कंबर व ओटीपोट पाण्यात ठेवून पोट फडक्याने चोळतात. कूने यांच्या लेखनाचा महात्मा गांधींवर प्रभाव पडला. पुणे–सोलापूर मार्गावरील उरुळीकांचन येथे १९४६ मध्ये त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात हा विचार रुजण्यात त्याचा वाटा बराच असावा. सर्वांगाने बर्फाच्या पाण्यात बसण्याची आजची रीत मात्र अलीकडची असून ती मुख्यतः खेळाडूंच्या सरावातून व समाजमाध्यमांतून घरोघरी आली.

परिणाम : पाण्यात उतरताच धाप लागते, नाडी व रक्तदाब वाढतो. हा शीत-आघात पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वाधिक असतो. व्यायामानंतरचे स्नायुदुखणे काहीसे कमी होते, हा त्यातल्या त्यात आधार असलेला लाभ. नेदरलँड्समध्ये ३,०१८ जणांवर झालेल्या चाचणीत (२०१६) गार शॉवर घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी घटल्या, पण आजाराचे दिवस घटले नाहीत. शिवाय तो शॉवर होता, अवगाहन नव्हे. हृदयविकार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याविना हे करू नये. एकट्याने तर कोणीच करू नये.

सोलापुरातील स्वरूप : येथे मुख्य अडचण पाणी गार करण्याची आहे. नळाचे पाणी बऱ्याच भागांत काही दिवसांआड येते व पिंपात, हौदात किंवा गच्चीवरील टाकीत साठवले जाते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा टाकीतले पाणी दुपारी अंगाला चटके देते. २०० लिटरच्या पिंपातले पाणी ३० अंशांवरून १५ अंशांवर आणण्यास गणिताने सुमारे ३२ किलो बर्फ लागतो. बाहेरून शिरणाऱ्या उष्णतेमुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक. पिंपाला ओले गोणपाट गुंडाळण्याचा उपाय येथील कोरड्या हवेत चांगला लागू पडतो, मात्र ओले फडके गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो त्याखाली पाणी जात नाही. एप्रिल-मेमध्ये ते २० अंशांच्या वरच असते. त्यामुळे बर्फाविना हा प्रयोग पौष-माघातील पहाटेपुरताच उरतो, आणि तेव्हाही पाणी १५ अंशांखाली क्वचितच उतरते.

पाण्याची टंचाई लक्षात घेता साबण न लावता उतरावे, म्हणजे तेच पाणी पुढे झाडांना किंवा शौचालयात वापरता येते. पिंप झाकून ठेवावे. उघड्या साठ्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीराचे आतले तापमान उतरत राहते. म्हणून अंग लगेच जाड टेरी टॉवेलने कोरडे करून ऊबदार कपडे घालावेत.

उष्माघात : श्रमामुळे उष्माघात झालेल्यास थंड पाण्यात बुडवणे हा मान्य तातडीचा उपचार आहे, परंतु तो आरोग्यस्नानापासून सर्वस्वी वेगळा आहे.