तडा जायच्या आधी ओक लाकूड टिकटिकतं

अमेरिकेत फर्निचरला आणि फ्लोअरिंगला रेड ओक प्रचंड वापरतात, देखणं, मजबूत, पण वाळवायला महा कटकटीचं लाकूड. ताज्या फळीत पाणीच इतकं असतं की त्याचं वजन कोरड्या लाकडाच्या ७०-८० टक्के भरतं, आणि घरात वापरायच्या सामानासाठी ते ६ ते ८ टक्क्यांवर आणायचं असतं. मग लाकूड वाळवायची भट्टी दणकून तापवायची ना? तापवा, आणि मग भेगा मोजत बसा.

होतं काय, की पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी उडत असतं तोवर लाकूड आकसत नाही. साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेलं की पेशींच्या भिंतींमधलं पाणी निघायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू. फळीचा वरचा थर या आकड्याखाली लवकर जातो, आतला गाभा मात्र अजून ओलाच, त्यामुळे वरचा थर आकसू बघतो, गाभा त्याला आकसू देत नाही, आणि ओढाताण वाढत वाढत शेवटी वरचा थर फाटतो. ओकमध्ये खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणारे रुंद पट्टे असतात, तीच कमजोर जागा, बहुतेक भेगा तिथेच. त्यात रेड ओक ओलं ते पूर्ण कोरडं होईपर्यंत वाढवलयांच्या (खोडातल्या वर्षावर्षाच्या गोल रेघांच्या) दिशेने ८.६ टक्के आकसतं (आपल्या सागाचा हाच आकडा ५.८ आहे, दारं-खिडक्या सागाच्याच हव्यात हा हट्ट उगाच नव्हता).

म्हणून एक इंची रेड ओकचं नेहमीचं शेड्युल, म्हणजे भट्टीतलं तापमान आणि दमटपणा कधी किती ठेवायचा याचं वेळापत्रक, अगदी भित्रं असतं. सुरुवात फक्त ४३ अंश सेल्सिअसला, हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा, आणि ओल्या फळीपासून सुरू केलं तर सगळं मिळून सुमारे चार आठवडे. ऑपरेटर मधूनमधून नमुन्याच्या फळ्या काढून वजन करतो आणि त्यावरून पुढची पायरी ठरवतो. पण वजनावरून पाणी किती गेलं ते कळतं, फळीत ताण किती साचलाय ते कळत नाही, आणि खरी भीती तर त्याचीच!

इथे आवाज कामाला येतो. तंतू सुटताना, बारीक चीर पडताना थोडी ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर पडते, आपला कान २० किलोहर्ट्झला थांबतो आणि इथे ऐकायचं असतं १०० किलोहर्ट्झच्या वर. फळीला पीझो सेन्सर (कंपनांचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा) घट्ट बसवायचा, भट्टीतल्या पंख्यांची घरघर बरीच खालच्या पट्टीतली असते ती फिल्टरने गाळायची, आणि मिनिटाला किती टिकटिक होते ते मोजायचं. १९८० मध्ये स्कार, सिम्पसन आणि हनीकट या संशोधकांनी ओक वाळताना ताण कधी वाढतो ते या आवाजांवरून ओळखता येतं का हे तपासलं, आणि १९८५ मध्ये त्यांनीच रेड ओक वाळण्याचा वेग आवाजावरून कंट्रोल करायचा प्रयोग छापला. जपानमध्ये नोगुची आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये झेल्कोवा लाकडावर तसंच केलं. कल्पना सरळ आहे, टिकटिक वाढली की वाफ सोडून दमटपणा वाढवायचा, वरच्या थराचं वाळणं मंदावतं, ताण उतरतो, आवाज थंडावतो, की परत थोडं रेटायचं. म्हणजे भित्र्या शेड्युलच्या जागी त्या फळीला जेवढं झेपतं तेवढं.

पण प्रत्येक टिक म्हणजे चीर नसते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी एरंडाच्या झाडात असेच आवाज टिपले होते, ते होते पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांमधला पाण्याचा ताणलेला स्तंभ तुटल्याचे. ओलं लाकूड वाळतानाही असे आवाज मिसळू शकतात, म्हणून नुसती संख्या बघून घाबरायचं नाही, ती किती झपाट्याने चढतेय ते बघायचं. दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. लाकडात या उंच लहरी लवकर विरतात, सेन्सरला आपल्या आजूबाजूचंच ऐकू येतं, आणि भट्टीत थप्प्याच्या थप्प्या. मग तो लावायचा कुठे? माझ्या मते सगळ्यात बिकट फळीला, म्हणजे जाड, ओली, आणि गरम हवा पहिली जिथे आदळते तिथली. शिवाय फळी आकसली, सेन्सरची पकड सुटली, की शांतता पसरते आणि ऑपरेटरला वाटतं सगळं छान चाललंय.

इतकं करूनही ऐकायचं ते मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांत, कारण नंतर ताण उलटतो, गाभा आकसू लागतो, वरचा थर दाबला जातो आणि सुरुवातीच्या भेगा मिटून दिसेनाशा होतात. फळी वरून साफ दिसते, फर्निचरवाला रंधा मारतो, पॉलिश चढवतो, आणि मग त्या उघडतात.