तंबोऱ्यातला सा-प आणि ग्रीन डेची गिटार

मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डे हा अमेरिकन पॉप-पंक बँड वाजवायला आला होता तेव्हा माझ्या शेजारी एक चाळिशीचा, केस विरळ झालेला माणूस उभा होता. ओळख ना पाळख, आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्याला आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घसा बसेपर्यंत ओरडत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तू तर सख्ख्या भावाच्या वरातीत नाचला नाहीस." खरंय. मग हे होतं कसं?

आधी गिटारचं बघू. पॉप-पंकचा, म्हणजे वेगवान, दणक्यातल्या पण गुणगुणता येणाऱ्या रॉकचा, सगळा डोलारा पॉवर कॉर्डवर (दोन सूर एकदम छेडण्यावर) उभा आहे आणि ती इतकी सोपी की आठवीतलं पोरगं एका दुपारी शिकतं, सगळ्यात जाड तारेवर पाचव्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीला) पहिलं बोट, शेजारच्या तारेवर सातव्या फ्रेटला तिसरं, बास. मी एकदा घरी हेच वाजवत बसलेलो, आई आत रियाज करत होती, ती बाहेर येऊन म्हणाली, "अरे हा नुसता सा-प आहे की, पांढरी सहाचा!" बरोबर पकडलं. पहिला सूर सेकंदाला ११० कंपनांचा, दुसरा जवळपास १६५ चा, म्हणजे २ ला ३. तंबोऱ्यात षड्ज-पंचमाचं जे नातं, तेच.

पण मग दोन बोटांत एवढा दणदणीत आवाज येतो कुठून? तर डिस्टॉर्शनमधून. अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर, मुद्दाम इतका ताणतात की ध्वनिलहरीची टोकं सपाट छाटली जातात, आणि अशा छाटलेल्या लहरीत मूळ दोन सुरांच्या बेरजेचे, वजाबाकीचे असे नवेच सूर उगवतात. १६५ मधून ११० गेले, राहिले ५५. म्हणजे तोच सा, एक सप्तक खाली, जो कुठल्याच तारेवर कुणी छेडलेला नाही! तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात तेव्हाही असंच सुराभोवती सूर उमलतात, भौतिकशास्त्र जरा वेगळं पण हौस तीच.

आता यात गंधार घालून बघा, सगळा चिखल होतो. गिटारच्या फ्रेट्स समान अंतराच्या सप्तकावर बसवलेल्या असल्यामुळे तिचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो (हार्मोनियमच्या गंधारावर जुने गवई नाक मुरडायचे ते ह्याच कारणानं), पंचमात मात्र फरक नगण्य असतो. साध्या आवाजात ही तफावत खपून जाते, डिस्टॉर्शनमध्ये वजाबाकीचे सूर एकमेकांशी भांडायला लागतात. म्हणून पॉवर कॉर्डमध्ये गंधारच नसतो, ना शुद्ध ना कोमल, म्हणजे नुसत्या कॉर्डवरून गाणं हसरं की रडकं ते कळतच नाही. ते गाणारा ठरवतो. ब्रेकअपचं दुःख आणि उड्या मारायला लावणारी चाल एकाच गाण्यात नांदतात त्यामागे माझ्या मते ही रिकामी जागा बरीच आहे. "मग गंधार कोण लावतं?" आईनं विचारलं. म्हटलं, चाल लावते, आणि चाल पब्लिक गातं.

आणि गाता येतं कारण पुढे काय येणार ते ठाऊक असतं. सा, प, ध, म या चार पायऱ्यांवर या प्रकारातली किती गाणी उभी आहेत त्याला गणतीच नाही. समीक्षक यावर नावं ठेवतात, मेंदूची तक्रार नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०११ च्या प्रयोगात लोकांना त्यांचं आवडतं संगीत ऐकवून मेंदूतलं डोपामिन (आनंदाशी जोडलेलं रसायन) मोजलं, तर ते अंगावर काटा येतो त्या क्षणी वाढलंच, पण त्याच्या थोडं आधी, नुसत्या चाहुलीनंसुद्धा मेंदूच्या दुसऱ्या भागात वाढलं. माय केमिकल रोमान्स या बँडचं २००६ चं एक गाणं पियानोवरच्या एकाच सुरानं सुरू होतं, आणि तो एक सूर वाजवला की फॅन लोक लगेच छातीवर हात ठेवून तयार, बाकीच्यांना वाटतं यांना झालं काय.

एकत्र गाण्याचं प्रकरण तर आणखी भारी आहे. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटानं लंडनमधल्या एका समूहगान मंडळावर अभ्यास केला. एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातलं वेदना बोथट करणारं रसायन, थेट मोजणं अवघड म्हणून त्यांनी आडवाट काढली, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळत न्यायचा आणि माणूस कधी "बस्स" म्हणतो ते बघायचं. गाऊन झाल्यावर लोक जास्त कळ सोसत होते, आणि जवळीक नेहमीच्या छोट्या गटापेक्षा दोनशेच्या वर लोक एकत्र गायले तिथे जास्त वाढली, तेही बरेचसे एकमेकांना न ओळखणारे! त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात गाण्याचे वर्ग आणि हस्तकलेचे, लेखनाचे वर्ग सात महिने शेजारी शेजारी चालवले. शेवटी सगळेच गट सारखे घट्ट झाले, पण गाणारे सुरुवातीलाच झाले. कॉन्सर्ट दोन तासांची असते, सात महिन्यांची नाही.

मॉश पिटवरही (स्टेजसमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात त्या घोळक्यावर) संशोधन झालंय, हेवी मेटलच्या कॉन्सर्ट्सवर, पण धक्काबुक्की तीच. कॉर्नेलच्या संशोधकांनी यूट्यूबवरचे व्हिडिओ घेऊन माणसांचे वेग मोजले आणि २०१३ मध्ये छापलं की ते वेग बंद डब्यातल्या वायूच्या रेणूंसारखे विखुरलेले असतात. त्यांच्या मॉडेलमध्ये एक गोष्ट नाही ती मी सांगतो, कुणी पडलं की आजूबाजूचे चार रेणू थांबून त्याला उचलतात. हा अलिखित नियम आहे आणि महालक्ष्मीला माझ्या पायातला बूट निघाला तेव्हा तो मी स्वतः अनुभवलाय.

आणि तिथे एवढे टकले का होते? माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी बाकी आयुष्यापेक्षा जास्त आणि जास्त ठळक आठवतात, गाण्यांचंही तसंच. ग्रीन डेचा गाजलेला 'डूकी' अल्बम १९९४ चा, म्हणजे तेव्हा दहावीत असलेला आज पन्नाशीकडे निघालाय.

माझ्या शेजारचा तो माणूस त्याच हिशोबातला असणार. स्टेशनपर्यंत आम्ही दोघं बसलेल्या घशानं गुणगुणत चालत आलो, त्याला चर्चगेटची गाडी मिळाली, मला बोरिवलीची. नाव विचारायचं राहिलंच.