स्टॉक ठेवायची की हलकी ट्यून करायची?
व्हर्टस जीटी, स्लाव्हिया १.५ आणि ऑक्टाव्हिया चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे ट्यूनिंगला, म्हणजे इंजिनच्या संगणकातल्या सेटिंग बदलून घ्यायला, गाडी घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "हॉर्सपॉवर किती वाढेल?" आम्ही उलट विचारतो, "गिअरबॉक्स कुठला आहे?" काही जणांना हे टाळाटाळ वाटते. ती टाळाटाळ नाही, सगळं तिथेच अडतं.

गिअरबॉक्सचं गणित

चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हियाचं १.५ टीएसआय इंजिन १५० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. टॉर्क १६०० ते ३५०० आरपीएम सपाट मिळतो. डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, घेतली असेल तर मागे सात गिअरचा, कोरड्या जोडक्लचचा डीक्यू२०० बसलेला आहे आणि त्याची नेमून दिलेली मर्यादाही २५० न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे शोरूममधून निघतानाच इंजिन गिअरबॉक्सच्या काठावर उभं असतं. बाजारात याच गाडीला '३०० न्यूटन-मीटर स्टेज १' नावाचं ट्यूनिंग विकतात. गाडी धावतेही छान. खर्च येतो तो नंतर, क्लच पॅकच्या बिलात.

ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच, गाडीत ५००० आरपीएमला १५० पीएस मिळतात तेव्हा टॉर्क २१० न्यूटन-मीटरवर उतरलेला असतो. आम्ही खालचा २५० चा आकडा हलवत नाही, फक्त वरचा उतार कमी करतो. ५००० ला २४० धरून ठेवला तरी ताकद १७० पीएसच्या आसपास जाते आणि क्लचवर कमाल भार होता तेवढाच राहतो. सिग्नलवरून निघताना फरक जाणवणार नाही. हायवेवर ट्रक ओलांडताना जाणवेल. आम्ही 'हलकं ट्यूनिंग' म्हणतो ते एवढंच.

ऑक्टाव्हिया २.० टीएसआयची गोष्ट वेगळी. १९० पीएस, ३२० न्यूटन-मीटर, आणि क्लच तेलात बुडालेले. तिथे टॉर्क थोडा वाढवायला जागा आहे. मॅन्युअल गाडीत मात्र क्लच प्लेट आधी तपासतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, अशी गाडी असेल तर ट्यूनिंगचा विषय तिथेच थांबतो.

"कंपनीनं ताकद दाबून ठेवलेली असते"

अर्धं खरं आहे. २००४ साली पहिली ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली तेव्हा तिचं १.८ टर्बो इंजिन इथे १५० पीएसचं होतं, युरोपात १८० चं. पण ही राखीव जागा कंजूषपणानं ठेवलेली नसते. मिळेल त्या पंपाचं पेट्रोल, मे महिन्यातलं ऊन, लांबवलेली सर्व्हिस, हे सगळं एकाच मॅपला, म्हणजे ईसीयूतल्या (इंजिनच्या संगणकातल्या) सेटिंगच्या तक्त्याला, सोसायचं असतं. ट्यूनिंग म्हणजे त्या राखीव जागेतून थोडी उचल घेणं. उचल घेतलीत की सर्व्हिस लांबवायची मुभा संपली.

उष्णतेचं उदाहरण समोरचंच आहे. १.५ इंजिनात टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इंजिनाजवळच बसवलेला असतो. हवेचा रस्ता आखूड होतो, त्यामुळे पिकअप चटकन मिळतो. पण मे महिन्यात दुपारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रांगत आलेल्या एका स्लाव्हियाला आम्ही लगेच स्कॅनर लावला तर आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर होती. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) चढवली तेव्हा नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला ईसीयूनं स्पार्क तीन-चार अंश मागे ओढला. गाडी स्टॉक होती, तरीही. त्यावर आक्रमक मॅप घातला असता तर आलेखावर वाढलेली ताकद रस्त्यावर अशीच विरून गेली असती.

आधी प्लग, मग मॅप

खूपदा गाडीला ट्यूनिंगची गरजच नसते. पन्नास हजार किलोमीटर झालेली एक व्हर्टस "पिकअप गेला" म्हणून आली. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) चढला की मिसिंग, म्हणजे इंजिन झटके देतं. प्लग काढून फीलर गेज घातला तर फट चांगलीच रुंदावली होती. दाब वाढला की अशा फटीत ठिणगी विझते. नवे प्लग, नवा एअर फिल्टर, आणि मालक मॅपचे पैसे खिशात ठेवूनच घरी गेले. आमचा धंदा गेला खरा, पण त्यांनी पुढे दोन गाड्या पाठवल्या.

सवयीचाही भाग आहे. सहाव्या गिअरमध्ये १४०० आरपीएमवर पाय तळाशी दाबायचा, ही डिझेलची सवय टर्बो पेट्रोलला घातक आहे. कमी आरपीएम आणि जास्त बूस्ट एकत्र आले की ठिणगीआधीच मिश्रण पेटू शकतं, आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. म्हणून आमच्या मॅपमध्ये १८०० च्या खाली बूस्टला हात लावत नाही. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच, आणि मुदतीआधी बदलायचं.

सेन्सरला खोटा दाब दाखवून बूस्ट वाढवणारे ट्यूनिंग बॉक्स आम्ही बसवत नाही. स्पार्कवर त्यांचा काही ताबा नसतो.

कागदोपत्री

वॉरंटी चालू असेल तर थांबा, हा आमचा सल्ला आहे. "परत स्टॉक करून देऊ, कळणार नाही" यावर विश्वास ठेवू नका. फ्लॅशची, म्हणजे नवा मॅप भरल्याची, नोंद ईसीयूत राहते आणि फोक्सवॅगन ग्रुपच्या सिस्टिममध्ये अशा गाडीवर 'टीडी१', म्हणजे सॉफ्टवेअर बदलल्याचा, शेरा बसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. कलम १८२अ(४) नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. हे तिन्ही वाचून सही केल्याशिवाय आम्ही गाडी आत घेत नाही.

रोजची धाव ऑफिस-घर, वॉरंटी शिल्लक, डीएसजी : स्टॉक ठेवा, चांगले टायर घ्या. वॉरंटी संपलेली, महिन्यातून दोनदा कोल्हापूर किंवा गोवा, सर्व्हिस वेळेवर : मग बोलू.

यायचं ठरलं तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, प्लग थंड इंजिनातूनच काढायचे असतात. टाकी निदान अर्धी असू द्या, आणि त्यात नेहमीच्या पंपाचंच पेट्रोल. मुद्दाम १०० ऑक्टेन भरून आलात तर मॅप त्या पेट्रोलला बसेल, तुमच्या पंपाला नाही.