टेबल सॉला तेल पाजणे म्हणजे निगा नव्हे

यंत्राला तेल जितके जास्त तितके त्याचे आयुष्य जास्त, हा समज लातूर-नांदेडकडच्या सुतारकामाच्या दुकानांत पक्का रुजलेला आहे. कडबाकुट्टीच्या बाबतीत तो एक वेळ चालून जाईल, टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापणाऱ्या यंत्राच्या) बाबतीत मात्र तो नुकसानच करतो.

ब्लेड वर-खाली आणि तिरपे करणाऱ्या स्क्रूवर व गिअरच्या दात्यांवर सोडलेले तेल बारीक भुसा धरून ठेवते, त्याचा काही दिवसांत काळपट, घट्ट लगदा होतो, हँडल जड फिरू लागते आणि ४५ अंशांवर जायला हवे ते ब्लेड अलीकडेच अडते. हँडल जड झाले म्हणून त्यावर पुन्हा तेल सोडले जाते, हा खरा घोळ.

प्लग काढून ठेवावा (नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही), कडक ब्रशने लगदा खरवडून काढावा आणि दात्यांवर पॅराफिन मेणाचा किंवा कोरड्या वंगणाचा पातळ हात द्यावा. मोटरचे बेअरिंग बहुधा सीलबंद असते; त्यात तेल घालू नये. बिडाच्या टेबलावरही मेणच लावावे, कारण तेलाचे डाग सागाच्या फळीवर उतरून पुढे पॉलिश धरत नाही. पावसाळ्यात गंजापासूनही मेणच वाचवते.

लाकूड करपू लागले की धार गेली असेही सर्रास मानले जाते. पुष्कळदा ब्लेडच्या दातांवर चीक साचलेला असतो किंवा फेन्स (फळी जिला टेकवून पुढे सरकवतात ती सरळ पट्टी) ब्लेडला समांतर नसते, आणि मागच्या बाजूला आवळणारी अशी फेन्स फळी उलटी अंगावर फेकू शकते.