युद्धात शेजारदेशात अडकलेला माणूस परत आणायचा तर : पात्रता, कागद, अर्ज

चेनवाली प्लास्टिकची पिशवी, आत लॅमिनेट केलेला शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि मुलाच्या पासपोर्टची पुसट झेरॉक्स. एवढं घेऊन एक आई माझ्याकडे आली होती. मी गोव्यातल्या डिचोलीत लोकांचे अर्ज भरून देतो. तिचा मुलगा बोटीवर कामाला होता आणि दुसऱ्यांच्या लढाईत परक्या बंदरात अटकेत पडला होता. तोवर तिने दोन पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले होते, अर्ज मात्र एकाही ठिकाणी नोंदला गेला नव्हता. अशी वणवण आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पात्र कोण

1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम 35 प्रमाणे, शत्रुदेशात असलेल्या परकीय नागरिकाला युद्ध सुरू होताना किंवा चालू असताना तो देश सोडून जाण्याचा हक्क आहे. भारत आणि पाकिस्तान दोघेही या कराराला बांधील आहेत. त्याचं जाणं त्या देशाच्या राष्ट्रीय हिताच्या आड येत असेल तर मात्र परवानगी नाकारता येते. नाकारली तर न्यायालयाकडे किंवा त्यासाठी नेमलेल्या मंडळाकडे फेरविचार मागता येतो. तो देश सोडल्यापासून पुढचा प्रवासखर्च ज्या देशात माणूस जायचा त्याने करायचा, असं कलम 36 सांगतं. तेव्हा 'सुटकेचे पैसे' मागणारा एजंट आला तर त्याला दारातूनच परत लावा.

खरा वाद पेटतो तो 'हा माणूस कोणाचा' यावरून. 1971 च्या युद्धानंतर कैदी आणि अडकलेली माणसं परत पाठवण्यासाठी 28 ऑगस्ट 1973 ला दिल्ली करार झाला, तरी बांगलादेशातल्या बिगरबंगाली लोकांपैकी कोणाला घ्यायचं यावर पाकिस्तानने हात आखडता घेतला. एप्रिल 1974 च्या भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या त्रिपक्षीय करारात पाकिस्तानने घ्यायच्या माणसांचे वर्ग नोंदवले गेले : पूर्वीच्या पश्चिम पाकिस्तानचे रहिवासी, पाकिस्तानच्या केंद्र सरकारचे नोकर आणि त्यांची कुटुंबं, ताटातूट झालेल्या घरांतली माणसं, आणि हलाखीची प्रकरणं म्हणून 25,000 जण. जे यात बसले नाहीत ते बांगलादेशातल्या छावण्यांतच राहिले. त्यांची नातवंडंही तिथेच वाढली.

ज्याला शिक्षा झाली आहे त्याची गोष्ट आणखी वेगळी, त्याला शिक्षा संपेपर्यंत थांबवून ठेवता येतं. गोव्याला हे सांगायला नको. 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी पकडलेले पोर्तुगीज सैनिक मे 1962 मध्ये मायदेशी गेले. 1955 मध्ये पकडले गेलेले गोवा मुक्तीचे लढवय्ये मोहन रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते थेट जानेवारी 1969 मध्ये.

पाकिस्तानात अटकेत असेल तर

21 मे 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत आपल्या उच्चायोगाच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट मिळायला हवी. राष्ट्रीयत्वाची खात्री पटून शिक्षा पूर्ण झाली की एका महिन्याच्या आत पाठवणी. घोडं पेंड खातं ते या खात्रीपाशी. गुजरात आणि पालघरचे मच्छीमार शिक्षा संपल्यावरही आत राहतात त्याचं एक मोठं कारण हेच.

कैद्याने सांगितलेलं नाव, गाव, आईबापांची नावं इस्लामाबादहून दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जातात, तिथून राज्याकडे आणि शेवटी तुमच्या पोलीस ठाण्यात येतात. हवालदार घरी येईल तेव्हा घरच्यांचं सांगणं आणि कैद्याचं सांगणं जुळलं पाहिजे. त्याने तुरुंगात घरी हाक मारायचं नाव सांगितलं असण्याचीही शक्यता असते. म्हणून 'बाबू'सारखं नावही अर्जात लिहा. अंगावरचा व्रण, वाडा, देवळाजवळचं घर, हेही लिहा. खात्री झाली आणि पासपोर्ट नसेल तर उच्चायोग 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देतो. त्यावर एकदाच, भारताकडे येण्यापुरताच प्रवास करता येतो.

एप्रिल 2025 मध्ये व्हिसा रद्द झाले आणि भारत-पाकिस्तान सीमेवरची अटारी चौकी बंद होऊ लागली तेव्हा आईचा पासपोर्ट एका देशाचा, मुलांचा दुसऱ्याचा अशी घरं गेटवर दुभंगली. पात्रता कुटुंबाची मोजत नाहीत, प्रत्येकाच्या पासपोर्टाची मोजतात.

आपल्या गोव्यातल्या दोन अडचणी

पहिली अडचण नावाची. जुन्या नोंदवहीत आडनाव पोर्तुगीज धाटणीने लिहिलेलं, नाईकच्या शेवटी 'के'च्या जागी 'क्यू, यू, ई'. पासपोर्टवर साधं इंग्रजी. तिसऱ्या कागदावर वडिलांचं नाव अर्धंच. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. मामलेदार कार्यालयातून 'डायव्हर्जन्स सर्टिफिकेट' घ्या, म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत याला सरकारी आधार मिळतो. त्या आईच्या पिशवीत तीन कागदांवर तीन नावं होती. आमचा बराच वेळ तिथेच गेला.

दुसरी अडचण पोर्तुगीज पासपोर्टाची. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 प्रमाणे स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. मग तुमचा माणूस पेडण्याचा असो की सासष्टीचा, युद्धाच्या वेळी त्याची पहिली जबाबदारी पोर्तुगालची. त्या देशात पोर्तुगालची वकिलात नसेल तर युरोपीय संघातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या वकिलातीकडे तो मदत मागू शकतो, हा त्याचा हक्क आहे. घरच्यांनी पणजीतल्या पोर्तुगालच्या वाणिज्य दूतावासाला कळवावं. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्म नोंदवला पण पासपोर्ट घेतला नाही, असं असेल तर ते दडवू नका, आधी वकिलाचा सल्ला घ्या. नवरा पोर्तुगीज आणि बायको भारतीय असेल तर अर्ज दोन लागतात, दोन वेगळ्या दारांत.

कागद आणि अर्ज

पासपोर्टची पहिली आणि शेवटची दोन्ही पानं, जन्मदाखला, शाळेचा दाखला, मतदार ओळखपत्र, आईवडिलांच्या ओळखीचा पुरावा, अलीकडचा फोटो. बोटीवरचा असेल तर सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, आणि भरती करणाऱ्या एजन्सीचं करारपत्र. शेवटचा फोन कधी, कुठून आला तेही तारखेसह.

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा. त्याचीच प्रत पणजीच्या अनिवासी भारतीय आयुक्तालयात द्या आणि पोच घ्या. खलाशासाठी जहाजवाहतूक महासंचालनालयालाही लिहा. पुढाऱ्याकडे जायचंच तर हा क्रमांक हातात घेऊन जा.

फोन बंद असेल, माणूस कैदेत असेल तर रेड क्रॉसकडे जा. ते सुटका करत नाहीत, पण शोध घेतात, निरोप पोचवतात आणि पाठवणीआधी माणसाला एकटं भेटून 'तुला खरंच जायचं आहे ना' असं विचारतात. निरोपाचा कागद उघडाच जातो, दोन्हीकडचे अधिकारी वाचतात, म्हणून त्यात फक्त घरची खुशाली चालते. राजकारण नको, बंदराचं नाव नको. त्या आईने सांगितलं ते मी तसंच उतरवलं : गाय व्याली, पाडा झाला. मागच्या पडवीची कौलं शाकारली. बाबा बरे आहेत. तू पोटभर जेव.