निरक्षरता आणि कर्जबाजारीपणा

विकसनशील देशातील निरक्षरता आणि दारिद्र्य यांचा संबंध बहुधा उत्पन्नाच्या अंगाने मांडला जातो : शिक्षण नाही म्हणून बरे काम नाही, बरे काम नाही म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून मुले शाळेत नाहीत. हे खरे, पण अपुरे आहे. अक्षर न ओळखणारा माणूस आधी नाडला जातो तो कागदावर. एकोणिसाव्या शतकातील दख्खनमध्ये हे स्पष्ट दिसते.

कुणबी कर्जरोख्यावर सही करीत नसे. त्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढली जाई. कागद लिहिणारा, तो वाचून दाखवणारा आणि पैसे देणारा बहुतेक वेळा एकाच बाजूचे असत. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत घातली. ऋणकोला दिलासा मिळावा हा हेतू, झाले उलटेच. मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवे खत, म्हणजे कर्जरोखा, करून घेई. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियम त्यामुळे कागदोपत्री पाळला जाऊनही निकामी ठरला. परतफेडीपोटी घातलेल्या धान्याची पावती मिळेलच असे नव्हते, आणि मिळाली तरी ती वाचणार कोण?

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापूस महागला, तेव्हा कर्ज सढळ हाताने मिळाले. युद्ध संपताच भाव कोसळले, पुढे सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. माणसांवर हल्ले थोडेच झाले; जमाव मागत होता ती खते, आणि ती हाती लागली की जाळत होता. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या या लोकांचे दुखण्याचे निदान मात्र अचूक होते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खते ग्रामनिबंधकापुढे करणे, पावती व हिशेब देणे बंधनकारक केले, रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आणि कर्जापायी होणारी कैद थांबवली. वाचण्याचे काम त्याने सरकारी माणसाकडे सोपवले. शेतकऱ्याला अक्षरओळख व्हावी याची तरतूद त्यात नव्हती. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले : महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी १० वर्षांचे उद्दिष्ट ठेवले होते. तसा केंद्रीय कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. साक्षरतेचे प्रमाण १९५१ मधील सुमारे १८ टक्क्यांवरून २०११ मध्ये सुमारे ७४ टक्क्यांवर गेले. तरीही २०११ च्या जनगणनेत ७ वर्षांवरील निरक्षरांची संख्या २७ कोटींहून अधिक होती, आणि त्यांत स्त्रिया जास्त.

जुन्या खताचा आजचा भाऊबंद म्हणजे ऊसतोडीची उचल. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, हंगामाआधी रक्कम उचलते आणि ती तोडणीतून फेडते. हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. अंगावर बाकी निघाली तर पुढचा हंगामही त्याच्याकडेच. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि अनेक मुले शाळा अर्धी सोडून फडावर जातात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात. रेशन दुकानात आता वहीऐवजी यंत्र आहे. त्यावर अंगठा टेकवावा लागतो, आणि कोयत्याने झिजलेल्या रेषा ते कधीकधी ओळखत नाही.