एआय वापरायला दिल्लीची परवानगी? नाही ओ!

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्यांमध्ये एक गोष्ट अजून फिरतीये, की धंद्यात एआय वापरायचं तर आधी सरकारची परवानगी लागते. असं काही नाहीये. १ मार्च २०२४ ला आयटी मंत्रालयाची अ‍ॅडव्हायझरी आली होती, त्यात नीट टेस्ट न झालेलं मॉडेल लोकांसमोर आणायच्या आधी परवानगी घ्या असं होतं, पण ते लोकांना एआय पुरवणाऱ्या प्लॅटफॉर्मवाल्यांसाठी, वापरणाऱ्यांसाठी नाही, अन् १५ मार्चला ती अट काढूनपण टाकली. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र पहिलीच बातमी राहिली, दुसरी कोण फॉरवर्ड करतंय!

तुम्ही एक्स्पोर्टच्या ऑर्डरचा इंग्लिश मेल, कॅटलॉगचा मजकूर बिनधास्त करून घ्या की. फक्त जीएसएमचा (टॉवेलच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आकडा स्वतः बघा, ४५० चं ५५० झालं तर माल परत येणार तुमचाच.

सांभाळायचं ते वेगळंच आहे. कामगारांचे आधार नंबर, गिऱ्हाइकांचे मोबाइल फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, अन् डेटा सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत आहे. बाकी नियम बदलत राहणार, म्हणून कुठल्याही टूलचे वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचा प्लॅन घ्या.